बरगडी, घोटा, मनगट, बोट: नाजूक जागांवरचे टॅटू काही महिन्यांनी कसे उरतात

टॅटू स्टुडिओच्या भिंतीवर माणसाच्या शरीराचं एक चित्र हमखास लावलेलं असतं. लाल भाग म्हणजे खूप दुखतं, हिरवा म्हणजे कमी. जागा ठरवताना बहुतेक जण त्याच चित्रापुढे उभे राहतात. आठ महिने ते दीड वर्ष जुनी झालेली कामं बघितली की त्या चित्राचा उपयोग किती तोकडा आहे ते कळतं. दुखणं दीड-दोन तासांत उरकतं. त्यानंतर त्या जागेला रोज काय घासतं, तिथे किती ऊन लागतं आणि ती दिवसातून किती वेळा दुमडते, यावर टॅटूचं पुढचं आयुष्य ठरतं. खालचा अनुभव पुण्यातल्या रोजच्या वापरातला आहे: दुचाकी, पाठीवरची सॅक, चार महिने पाऊस आणि ऑक्टोबरचा घाम. कामं काळ्या शाईची, गव्हाळ ते सावळ्या त्वचेवरची.

आधी थोडं तंत्र. सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत जाते आणि शाई त्वचेच्या मधल्या थरात बसते. वरचा थर महिन्याभरात बदलत राहतो, म्हणून शाई तिथेच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. उलट सुई जास्त खोल गेली तर शाई खालच्या चरबीत शिरते आणि रेघेशेजारी निळसर सावली पडते. त्याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाची आतली बाजू, घोटा, कोपराची खळगी, दंडाची आतली बाजू इथे त्वचा इतकी पातळ असते की चुकायला जागाच नसते. ब्लोआउट पहिल्या काही दिवसांत दिसू लागतो आणि कुठल्याही मलमाने जात नाही. तेव्हा अशा जागेसाठी कारागीर निवडताना ताज्या कामाचे फोटो बघून काही कळत नाही. त्याच जागेवरचं, सहा महिने जुनं काम दाखवा असं सांगावं. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच असतं.

बरगडी. भिंतीवरच्या चित्रात ही लालभडक असते आणि दुखण्यापुरतं ते खरं आहे. हाडावर ताणलेली पातळ कातडी, मशीनची थरथर छातीच्या पिंजऱ्यात घुमते आणि श्वास थांबवता येत नाही. कसलेला कारागीर श्वास सोडल्यावरच्या क्षणात रेघ ओढतो, म्हणून हळू आणि एकसारखा श्वास घेणं हे तुमचंही काम असतं. सगळ्यात मोठी चूक मात्र सुई लागण्याआधीच होते. स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा कातडीवर आधी उमटवलेला छाप, आडवं झोपवून लावली जाते. कुशीवर झोपून हात डोक्यावर घेतला की बरगडीवरची कातडी वर सरकते. त्या स्थितीत सरळ लावलेली ओळ उभं राहिल्यावर तिरकी उतरते. स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावायची, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायची आणि आरशात स्वतः बघायची. मग हात वर करून, वाकून, बसून पुन्हा बघायची. बसल्यावर पोटाची घडी ओळीवर येत असेल तर स्टेन्सिल पुसून दोन बोटं वर घ्यायला सांगा. नवी स्टेन्सिल लावायला पाच मिनिटं लागतात.

काही महिन्यांनंतर मात्र बरगडी पहिल्या नंबरात येते. ऊन लागत नाही, कपडा सैल असेल तर घर्षण नाही, रेघ टोकदार राहते. हे सुख ब्राच्या पट्ट्याच्या खाली किंवा वर काम केलं तरच मिळतं. पट्ट्याच्या बरोबर रेषेवर केलेलं काम पहिले दोन आठवडे रोज सोललं जातं आणि नेमक्या त्याच रुंदीची फिकट पट्टी कायम दिसत राहते. पट्टा जिथे बसतो ती खूण आदल्या दिवशी पेनाने करून जाणं सगळ्यात सोपं. कमरेलाही हाच न्याय: जीन्सचा कमरपट्टा आणि परकराची नाडी जिथे आवळली जाते ती चार-पाच सेंटिमीटरची पट्टी सोडावी. ढोलपथकात असाल तर गणपतीआधीचे दोन-अडीच महिने कंबर आणि पोटाची बाजू विसराच. ढोल कमरेला बांधून वाजवायचा, वर घाम. ताज्या कामाला याहून वाईट काही नाही.

देवनागरी अक्षरांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बरगडीवर आणि मनगटावर सगळ्यात जास्त केली जातात ती नावंच. शाई वर्षागणिक थोडी पसरते आणि रेघ जाड होते. त्यात ‘भ’, ‘थ’, ‘ष’, ‘क्ष’ यांची पोकळी आधी भरते, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो आणि रफार वेलांटीत मिसळतो. ‘श्री’ तर लहान केली की दोन वर्षांत गोळा दिसते. मात्रा-वेलांटी सोडून अक्षराची उंची १० ते १२ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. कारागीर फोनवर सुंदर दिसणारा सुलेखनातला फॉन्ट दाखवेल, तरीही. शिवाय शिरोरेषा ही लांब सरळ रेघ असते. वळणदार जागेवर ती वाकली की नजर पहिली तिथेच जाते. बरगडीवर शिरोरेषा तोडून अक्षरं सुटी लिहिलेली जास्त चांगली टिकतात. आजीच्या हातावरचं हिरवट गोंदण आठवा. ते काळ्या काजळीचंच असतं. त्वचेच्या थरांतून बघताना काळं निळं-हिरवं दिसतं. ठिपके आणि छोट्या रेघांची ती नक्षी पसरूनही ओळखू येते, कारण दोन ठिपक्यांत अंतर सोडलेलं असतं. गोंदणाऱ्या बायकांना हे गणित पक्कं ठाऊक होतं.

छातीचं मधलं हाड. दुखणं बरगडीच्या तोडीचं, पण खरी काळजी केलॉइडची. छातीचा मध्य, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे जाड, उठावदार व्रण तयार होण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त असते आणि सावळ्या त्वचेत ती आणखी असते. कान टोचल्यावर गाठ आली होती का, लसीचा किंवा पुरळाचा व्रण टमटमीत फुगला आहे का, हे आधी तपासा. उत्तर हो असेल तर ही जागा सोडा. घरात आईवडिलांना केलॉइड असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

घोटा आणि पाऊल. मापाने लहान, म्हणून लोक पहिला टॅटू इथे काढतात आणि निराश होतात. पायाचा रक्तपुरवठा हृदयापासून लांबचा, दिवसभर पाय खाली लोंबकळलेले, त्यामुळे सूज दोन-तीन दिवस राहते आणि बरं व्हायला हातापेक्षा जास्त वेळ लागतो. संध्याकाळी पाय उशीवर उंच ठेवा. बूट आणि घट्ट मोजे किमान दोन आठवडे बंद, म्हणजे त्या काळात सिंहगडही बंद. चपलेचं काय? कोल्हापुरीचा पट्टा पावलाच्या मधोमध, म्हणजे नेमका लोकांना टॅटू हवा असतो तिथेच बसतो. सँडलचा मागचा पट्टा घोट्यामागे. रोजची चप्पल घालून पायावर पेनाने पट्ट्याच्या कडा आखा आणि उरलेल्या जागेत बसेल तेवढंच काढा. तळव्याच्या बाजूला, जिथे कातडी जाड आणि पिवळसर होते, त्या सीमेपलीकडे शाई टिकत नाही. तिथली रेघ काही महिन्यांत तुटक होते. जून ते सप्टेंबर पायावर काम करूच नका. दुचाकीवरून रस्त्यातल्या डबक्याचं पाणी उडून नेमकं घोट्यावरच येतं. मधुमेह असेल तर पाऊल ही जागा यादीतूनच काढून टाकावी.

मनगटाची आतली बाजू तितकी दुखत नाही, पण दुमडते. तळहाताजवळच्या घड्यांपासून दीड-दोन सेंटिमीटर मागे राहा. घडीवर आलेली आडवी रेघ हमखास तुटते. कोपराच्या खळगीतही तेच, आणि तिथे दाट काळं भरलं तर रक्त काढताना शीर दिसायला त्रास होतो. मनगटाच्या वरच्या बाजूला भरीव काळं काम असेल तर स्मार्ट घड्याळाचा हिरवा प्रकाश शाईत अडतो आणि नाडीचे ठोके चुकीचे दाखवतो. रोज घालत असाल तर तेवढा गोल मोकळा ठेवा.

पुण्यात एनडीए आणि भरतीच्या तयारीला लागलेली मुलं खूप, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. सैन्यदलाच्या नियमाप्रमाणे कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूवरच चालतो. इतर कुठेही असेल तर उमेदवारी अडचणीत येते. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी सवलत आहे. म्हणजे झाकलेली, टिकाऊ बरगडी इथे बाद आणि उन्हात फिकट होणारा हात चालतो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा.

बोटं. काढू नका. बोटाच्या कडेला शाई एकतर धरत नाही किंवा पसरते, भांडी घासणं आणि हात धुणं सुरूच असतं, आणि बरेच कारागीर बोटांवरच्या टचअपची, म्हणजे फिकट रेघ पुन्हा भरून देण्याची, हमीच देत नाहीत.

कानामागची जागा बोटांपेक्षा पुष्कळ बरी. मशीनचा आवाज कवटीत घुमतो हाच काय तो त्रास. पण हेल्मेटचा पट्टा कानाच्या मागून-पुढून जातो, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस रिक्षा. (पुणेकर आणि हेल्मेट हा विषय इथे नको.) केसांना तेल आणि मेंदी लावणंही तोवर थांबवा.

मांडीच्या आतल्या बाजूला चालताना कातडीवर कातडी घासते. सैल सुती पायजमा आणि दोन आठवडे कमी चालणं हाच उपाय. कमरेच्या मागे, मणक्यावर काढायचं असेल तर पुढे बाळंतपणात पाठीतून भूल देताना डॉक्टर शाई नसलेली जागा शोधतात. नक्षीच्या मधोमध एखादी मोकळी फट ठेवली तर सगळ्यांचीच सोय होते.

सुन्न करणाऱ्या क्रीमबद्दल मत संमिश्र आहे. लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असं मिश्रण औषधाच्या दुकानात मिळतं. जाड थर लावून वर प्लॅस्टिकची फिल्म, किमान एक तास, मग पूर्ण पुसायचं. बरगडीवर लहान कामाला फायदा होतो. पण त्वचा पांढुरकी, रबरासारखी होते आणि कारागिराला खोलीचा अंदाज घेणं अवघड जातं, म्हणून न सांगता लावून जाऊ नका. असर तास-दोन तासांत उतरतो आणि मग दुखणं एकदम अंगावर येतं. मोठ्या भागावर थापणं किंवा सोललेल्या कातडीवर लावणं धोक्याचं आहे, कारण औषध रक्तात उतरतं. त्यापेक्षा पोटभर जेवून जा, सोबत चिक्की आणि लिंबू सरबत ठेवा. चक्कर येते ती बहुधा उपाशीपोटी. आदल्या रात्री दारू आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही नको, रक्त जास्त येतं.

नंतरची काळजी बहुतेकांना पाठ असते, तरी नाजूक जागांवर बिघडतं ते ताज्या टॅटूवर चिकटवतात त्या पारदर्शक फिल्ममुळे. फिल्म नक्षीच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी. पहिला तुकडा २४ तास, मग कोमट पाण्याने धुऊन, वाळवून दुसरा तीन-चार दिवस. काख, बरगडी आणि घोट्याजवळ घामाने कडा सुटतात. एकदा पाणी आत गेलं की लगेच काढा, पुन्हा चिकटवू नका. फिल्मच्या चौकोनाच्या आकारात लाली आणि पुरळ आलं तर ती गोंदाची अ‍ॅलर्जी असते, टॅटूचा संसर्ग नव्हे. फिल्म बंद करून साध्या बिनवासाच्या मलमाचा पातळ थर पुरतो. हळद आणि खोबरेल तेलाचा जाड लेप नको, आणि काम ऑक्टोबरातलं असेल तर दिवाळीतलं उटणं त्या जागेवर चोळू नका. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर स्टुडिओत विचारत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावं. पुण्यात या जागांसाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला: घाम कमी, फिल्म टिकते.

बरगडी, छाती, मांडी अशा ठिकाणी पडदा किंवा बंद खोली आहे का, सोबत एक माणूस बसू शकतो का, हे वेळ ठरवतानाच विचारा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे आणि शाई छोट्या टोपणात वेगळी काढलेली हवी. जत्रेत एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदतात, ते हेपॅटायटिसला आमंत्रण आहे. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही रक्तगटाची मागणी असणाऱ्या घरांनी लक्षात ठेवावं.

टचअपची घाई नको. महिनाभर कातडी चमकदार, दुधाळ दिसते आणि रेघ फिकी वाटते. खरा रंग तीन महिन्यांनी कळतो. घोटा आणि पावलाला चार महिने द्या. आणि पुसून टाकायची वेळ आलीच, तर सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटरचा लेझर वापरतात, दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवून. घोट्यावरची शाई त्यालाही दंडावरच्या शाईपेक्षा उशिरा दाद देते.