शेणाची जमीन, दिवाळी ते श्रावण: माझा अनुभव

शिमग्याच्या आधीच ओटीच्या जमिनीला पोपडे आले, म्हणून हे लिहायला घेतलं. ज्याने सारवून दिलं त्याला फोन केला तर म्हणे, ऊन लागलं असेल. मजुरी आगाऊ मोजून घेताना ऊन आठवलं नव्हतं.

सारवण म्हणजे काय हे देवगडात कोणाला सांगायला नको. शेजारच्या काकींनी एक पोपडा उचलून उलटा केला. खाली नुसता शेणाचा जाड थर, मातीचा पत्ता नाही. "जाड सारवलंस तर पोपडे येतलेच रे!" मग सगळं खरवडलं, चाळलेली माती भिजवून पसरली, चोपण्याने चोपली, आणि वाळल्यावर ताज्या शेणाचा पातळ काला हाताने अर्धगोल फिरवत लावला. शेणातल्या गवताच्या बारीक काड्या मातीला धरून ठेवतात. पेंड खाणाऱ्या जर्सीच्या शेणात त्या कमी, म्हणून गावठी गाईचंच हवं. पण इथे शेणखत आंबेवाले ट्रॉलीने उचलतात; एक बादली मागायलाही तोंड वेंगाडावं लागतं.

मुलगा म्हणाला, 2021 साली खादी ग्रामोद्योगाने शेणाचा रंग काढलाय, तो मागवू. अरे, तो भिंतीचा!

आता खरी तक्रार: प्लास्टिकची खुर्ची. माणूस टेकला की चारही पाय रुततात, उठताना मागे सरकवली की ओरखडा. भावजींनी एका दुपारच्या गप्पांत ओटीची चाळण केली. पायांखाली गोणपाटाचे तुकडे घातले, ते सरकतात. नारळाच्या करवंट्या घालून पाहिल्या, पाहुणे हसले. आता ओटीवर चटई, कोणीही येवो.

या जमिनीला दोनच तारे देणार होतो, पण पावसाळ्याने मत बदललं. आषाढात सारवण वाळता वाळत नाही आणि तोवर वास जात नाही, हे खरं. मात्र दमट हवेत स्वयंपाकघरातल्या लाद्यांना घाम सुटतो, आई दोनदा घसरता घसरता वाचली, आणि ओटी कोरडी! माती हवेतली ओल पिते, लादी पीत नाही. घरापुढचं खळं पावसात गेलंच, ते दसऱ्यानंतर नवं करायचं. ओटीवर छप्पर आहे म्हणून टिकली.

चार तारे. माजघरातली लादी काढणार नाही. तिथे लोखंडी कपाट आहे, त्यालाही चार पाय आहेत.