वॉरंटी नाकारली: १९१५ ला फोन लावायचा की ग्राहक आयोगात जायचं?

रावेरकडे केळीच्या बागेला पाणी देणारी सबमर्सिबल मोटर वॉरंटीत जळते आणि कंपनीवाले म्हणतात व्होल्टेज कमी-जास्त झालं, आम्ही काय करणार. बरं भाऊ, मग रस्ते दोन.

१९१५ ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तक्रार थेट कंपनीकडे जाते. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा इथेच नरमतात. पण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, कंपनी अडून बसली की विषय खल्लास.

जिल्हा ग्राहक आयोगाचं तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कंपनीचं ऑफिस कुठंही असो, केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, म्हणजे रावेरवाल्याला जळगाव, शिरपूरवाल्याला धुळे. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, बदली, पैसे परत, नुकसानभरपाई सगळं मागता येतं. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय (लिहायला काय जातं!), तारखा लांबतातच. कंपनीचा वकील म्हणेल हा धंद्याचा माल, तुम्ही ग्राहकच नाही, तर घाबरू नका, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू धंद्यात मोजत नाहीत.

मी तरी आधी १९१५ लावेन, पण तिथे तक्रार चालू आहे म्हणून आयोगात केस टाकायची २ वर्षांची मुदत थांबत नाही. आणि घाईघाईत मोटर रिवाइंडिंगला टाकू नका, तपासायला तीच जळालेली वाइंडिंग लागते, सर्व्हिसवाल्याचा नकारही लेखी घ्या, निदान व्हॉट्सअपवर तरी.