होरेझूची ताटली: कोंबडा नव्हे, रेघ पाहून घ्या

रोमानियातून एकच मातीची वस्तू आणायची असेल, तर ती होरेझूची ताटली असावी. व्हल्चा जिल्ह्यातल्या या गावाची कुंभारकला 2012 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. मात्र ताटलीवर होरेझूचा प्रसिद्ध कोंबडा आहे एवढ्यावरून ती होरेझूची ठरत नाही. पर्यटकांच्या दुकानांत बल्गेरियातल्या त्रोयान शैलीची भांडीही याच नावाने विकली जातात.

खरी ओळख रेघेत आहे. माती खणणं, तुडवणं, चाकावर घडवणं ही कामं परंपरेने पुरुषांची, तर नक्षी बायकांची. लाल मातीच्या ताटलीवर आधी हस्तिदंती रंगाचा पातळ मातीचा लेप देतात. तो ओला असतानाच, चाक फिरतं ठेवून, बैलाच्या पोकळ शिंगातून रंगीत मातीची वर्तुळं सोडतात. शिंगाच्या टोकाला हंसाच्या पिसाची नळी बसवलेली असते आणि हात मेंदीच्या कोनासारखा चालवायचा असतो. मग ‘गाइत्सा’, म्हणजे टोकाला बारीक तार लावलेली काडी, वर्तुळांवरून आडवी ओढली की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. लेप फार ओला असेल तर रंग एकमेकांत पसरतात. सुकत आला असेल तर तार तो खरवडते आणि रेघ तुटक येते. दुरुस्तीला वाव नसतो, म्हणून अखंड, केसासारखी निमुळती रेघ दिसली की हात कसलेला आहे हे निश्चित समजावं. छापील नक्षीत बहुतेकदा प्रत्येक रेघ सारखीच जाड दिसते.

रंग तपकिरी, लाल, हिरवा, निळा आणि हस्तिदंती. कोंबड्याइतकेच मोरपिसारा, जीवनवृक्ष आणि नागमोडी रेघाही इथल्याच, आणि त्यातला मोरपिसारा सर्वांत देखणा.

घेताना बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर कुठेतरी तडा असू शकतो. कडेची झिलई उडालेली नको, कारण कमी आचेवर भाजलेली ही माती तिथून पाणी शोषते. झिलईत बारीक तडे असले तर हळदीचा डाग कायमचा बसतो. मायक्रोवेव्ह आणि पेटता गॅस वर्ज्य. पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं. शिसं नसल्याची खात्री विक्रेता देत नसेल, तर दही, लोणचं, चिंचेची आमटी तिच्यात वाढू नका. अशी ताटली भिंतीवरच शोभते.

खरेदी शक्यतो होरेझूच्या ओलारी भागातल्या कुंभारांच्या घरूनच करावी. तिथे चाक आणि शिंग दोन्ही चालताना पाहता येतं.