कुर्ती-शर्टचे तयार पेपर कटिंग: पेटीतल्या कापडासाठी घ्यावे की नाही?

तालुक्याच्या गावी शिवणसाहित्याच्या दुकानात खाकी कागदाची तयार पेपर कटिंग, म्हणजे कपड्याच्या भागांचे कागदी नमुने, टांगलेली असतात. कुर्ती, गाऊन आणि शर्ट, या तिन्हींसाठी ती जरूर घ्यावीत. एका कटिंगवर वर्षानुवर्षं कपडे निघतात, आणि पेटीत पडून राहिलेलं कापड कामी येतं. पण कागद कापडावर ठेवून थेट कात्री चालवायची असेल, तर मात्र घेऊ नका. या कागदांवर अर्धंच काम झालेलं असतं. उरलेलं टेप घेऊन आपल्यालाच करावं लागतं.

कुर्तीच्या संचात पुढचा आणि मागचा अर्धा भाग, बाही आणि गळ्याची पट्टी मिळते. मापं छातीवर, दोन-दोन इंचांनी वाढत जाणारी. पहिली अडचण इथेच येते. कागदावर ३६ छापलेलं असतं, पण ते अंगाचं माप की तयार कपड्याचं, हे बहुतेक संचांवर लिहिलेलं नसतं. म्हणून पुढच्या तुकड्याची छातीवरची रुंदी मोजा आणि चारने गुणा. १० इंच भरली तर कपडा ४० चा, म्हणजे ३६ छातीला ४ इंच सैल. रोजच्या सुती कुर्तीला एवढं सैल लागतंच, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याहून कमी नकोच. पण त्या १० इंचांत अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेली जादा जागा) धरलेली असेल, तर कपडा ३८ चा होतो आणि खाली बसलं की पाठीत ताणतो. मायेचा उल्लेख कुठेच नसेल तर ती नाही असं समजून वेगळी द्या: बाजूला १ इंच, खांदा आणि मुंढ्याला (बाही जोडायच्या गोलाईला) अर्धा इंच, खालच्या दुमडीला दीड. जास्तीची माया आत घेता येते, कमी पडलेली कुठून आणणार?

खरी परीक्षा मुंढ्याची. मोठ्या मापांत छातीबरोबर खांदाही वाढवत नेलेला असतो, पण माणसाचा खांदा त्या हिशेबाने वाढत नाही. त्यामुळे ४० च्या पुढे कुर्तीचा खांदा दंडावर उतरतो आणि बाही पुढून फुगते. यावर उपाय असा: काखेतून, छातीच्या वरून टेप फिरवून माप घ्या. हे माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या मापापेक्षा २ इंचांहून जास्त कमी असेल, तर कागद या वरच्या मापाचा घ्या आणि कमी पडणारी रुंदी बगलेपासून खाली बाजूच्या शिलाईत वाढवा. खांदा जागेवर राहतो.

त्यानंतर बाहीचा गोल, म्हणजे मुंढ्याला जोडायची तिची वरची कड, मोजायचा. टेप उभी धरून, कापायच्या नव्हे तर शिलाईच्या रेषेवरून मोजा. पुढचा आणि मागचा मुंढा मिळून १७ इंच असेल, तर बाहीचा गोल साडेसतरा असावा. त्याहून फार मोठा असेल तर खादीसारख्या कापडात तो दाबून बसत नाही, खांद्यावर बारीक चुण्या पडतात. बाहीचा अर्धाच तुकडा दिला असेल, तर बाही उघडून तिच्याच पुढच्या बाजूची गोलाई अर्धा इंच खोल करून घ्या. नाहीतर हात पुढे नेताना ओढ बसते. माझ्या मते संचातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. पुढची-मागची बाही वेगळी दाखवायला कितीसा कागद लागतो?

आता पेटीतल्या कापडाकडे. आधी धुवायचं, मग कापायचं. कोरं सुती कापड मीटरमागे दीड-दोन इंच आटू शकतं, म्हणून रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (तिथे खादीही विकतात) किंवा खादी भांडारात घेतलेलं नैसर्गिक रंगाचं कापड पहिल्यांदा एकटंच भिजवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग सुटत असेल तर फिक्या कापडाशी जोडू नका. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेलं कापड घडीवर विरलेलं असतं. घडीच्या दोन्ही बाजूंना धरून ओढा. करकरलं तर ती रेघ सोडूनच कागद मांडा.

किती कापड लागेल हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, ठरतं, आणि संचाच्या पाकिटावर ते क्वचितच दिलेलं असतं. ४२ इंच उंचीच्या कुर्तीला मायेसकट ४४ इंच लागतात. पुढचा भाग उघडून तळाशी २४ इंच रुंद असेल, तर ४४ पन्ह्यात पुढचा-मागचा शेजारी मावत नाही, एकाखाली एक घ्यावा लागतो. म्हणजे ८८ इंच, सव्वादोन मीटर. बाजूला २० इंचांची पट्टी उरते, तिच्यातच दोन्ही बाह्या निघतात. ३६ पन्ह्याच्या खादीत मात्र ती पट्टी १२ इंचांचीच राहते. त्यात बाही बसत नाही, म्हणून खाली आणखी १८ इंच हवेत. तेव्हा पावणेतीन मीटर, आणि आटणं धरून ३. पेटीत नेहमी सापडणारा २ मीटरचा कटपीस धुतल्यावर साधारण ७५ इंच उरतो, म्हणजे त्यातून ३५ इंचांचीच कुर्ती काढा. उंचीसाठी कागद आडवा फिरवू नका. कागदावरची बाणाची रेघ कापडाच्या किनारीला समांतरच हवी, नाहीतर चार धुण्यांत कुर्ती एका बाजूला पिळवटते.

मूळ कागद कापू नका. जाड खाकी कागदावर उतरवून त्यावर माप, तारीख आणि माया लिहा, आणि घडी न घालता गुंडाळून ठेवा. पहिला नमुना जुन्या धोतराचा किंवा विरलेल्या लुगड्याचा शिवा. शिलाई इंचाला १०-१२ टाके. सुई खादीला १४ नंबर, मलमलीला ११. मलमलीवर १४ ची सुई भोकं पाडते.

ऑनलाइन मिळणारे परदेशी पीडीएफ पॅटर्न छपाईत आणि सूचनांत खूपच सरस आहेत. पण झेरॉक्सच्या दुकानात 'पानात बसवा' असं छापलं की घोटाळा होतो. पानावरचा, आकार तपासायचा १० सेंटिमीटरचा चौकोन ९.७ भरला, तर ४० चा कपडा सव्वा इंचाने लहान झालाच म्हणून समजा. १०० टक्के आकारात आधी एकच पान छापून घ्या आणि पट्टीने मोजा. अमेरिकी पाकिटांत बहुधा पाच अष्टमांश इंच माया धरलेली असते, युरोपच्या मासिकांतल्या पॅटर्नमध्ये बहुधा नसते. उंची साधारण साडेपाच फूट धरलेली असते. पाच फुटी बाईसाठी कमरेच्या वर इंचभर घडी घालून कागद लहान करावा लागतो, नाहीतर कमरेचा टक्स (आकारासाठी शिवलेली निमुळती चुणी) नितंबावर येतो.

शर्टचं कटिंग शेतात घालायच्या शर्टासाठी घ्या, हा माझा खास आग्रह. कापूस वेचताना लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवतात. त्याचा खांदा मोठा असतो आणि बाही बोंडांत अडकते. बाईच्या खांद्याच्या मापाचं कटिंग घेऊन छातीत ६ इंच सैल ठेवा. हात उचलता यावा म्हणून मुंढा खोल करू नका. खोल मुंढ्याने हात वर केला की सगळा शर्टच वर चढतो. त्याऐवजी बगलेत मायेसकट ४ इंचांचा चौकोनी तुकडा तिरका जोडा. कॉलरची गरज नाही, उभी पट्टी पुरे. मनगटाला मात्र बटण हवंच.

कटोरी ब्लाउजचं कटिंग घेऊ नका. कटोरीचा टोकबिंदू, म्हणजे छातीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू, प्रत्येकीचा वेगळा असतो. अर्धा इंच चुकला तरी ब्लाउज अंगावर बसत नाही, आणि तो कागदावर सरकवण्यापेक्षा अंगाला बसणारा जुना ब्लाउज उसवून त्याचाच कागद काढणं सोपं पडतं.