प्रिंटर्स रोमधला लॉफ्ट आणि ४१,६०० डॉलरची टोपी

शिकागोत जुन्या लॉफ्ट बिल्डिंगमध्ये, म्हणजे कारखान्याचे मजले घरांत बदललेल्या इमारतीत, घर घ्यायचं मनात असेल तर आधी हे वाचा, मग सही करा.

प्रिंटर्स रो म्हणजे साउथ डिअरबॉर्न स्ट्रीटवरचा जुना छापखान्यांचा भाग. टोकाला १८८५ चं डिअरबॉर्न स्टेशन, त्यामुळे मालाची ने-आण सोपी. पुढे रेल्वे गेली, छापखाने गेले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याच मजल्यांवर लोक राहायला लागले. बारा फुटी छत, उघडी वीट, छपाईयंत्रांचं वजन पेलणारे जाडजूड खांब. भुरळ पडली आम्हाला. पडणारच.

किंमत ३,८९,००० डॉलर, महिन्याचा मेंटेनन्स ६१२. विकणारा बिल्डिंगच्या बोर्डावरचा, म्हणजे घरमालकांच्या कमिटीवरचा, खजिनदार. आमचा रिअल्टर आपलाच माणूस, गणेशोत्सवात ओळख झालेला. म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून घ्या. खजिनदाराचं घर आहे, हिशेब चोख असणार." आपला माणूस असला तरी त्याचं कमिशन घर विकल्यावरच मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

आता ज्या गोष्टीने अजून झोप उडते ती. दारासमोर फुटपाथवर लोखंडी मांडव होता, वरून काही पडलं तर लोकांच्या डोक्यात पडू नये म्हणून घालतात तसा. मी विचारलं. खजिनदार हसून म्हणाला, "शहराचा नियम आहे, रूटीन." अर्धं खरं होतं, म्हणून तर पचलं. शिकागोत ८० फूट आणि त्याहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची ठरावीक वर्षांनी तपासणी करावीच लागते. पण त्या मांडवाच्या खांबांवर फाटक्या जाहिरातींचे थरावर थर चढले होते! चार दिवसांच्या तपासणीत एवढे थर चढतात का? मी त्या दिवशी दर्शनी भागाचा फोटोही काढला, टेराकोटाची नक्षी सुंदर म्हणून. त्याच फोटोत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर गंजाचा तपकिरी ओघळ स्पष्ट दिसतो. आतलं लोखंड गंजलं की फुगतं आणि टेराकोटा फोडतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा कुठून असणार? मी इंजिनिअर नाही. इन्स्पेक्टरला ६५० डॉलर दिले होते, तो फक्त घराच्या आतलं बघतो. नळ, एसी, आउटलेट. भिंत सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही.

बाबांनी मात्र डोंबिवलीहून फोनवर विचारलं होतं, "स्ट्रक्चरल ऑडिट मागितलंस का?" मी म्हटलं, बाबा, इथे कायदा आहे. आणि आहेच. इलिनॉय राज्याच्या कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटांची इमारत) कायद्याच्या कलम २२.१ प्रमाणे चालू आणि पुढच्या दोन आर्थिक वर्षांत असोसिएशनला, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीला, कोणते मोठे खर्च अपेक्षित आहेत, हे विकणाऱ्याने लेखी मिळवून द्यावं लागतं. आमच्या कागदावर लिहिलं होतं, 'काही नाही'. खाली सही, शिक्का, सगळं.

क्लोजिंगनंतर, म्हणजे घर आमच्या नावावर झाल्यानंतर, दुसऱ्याच महिन्यात पत्र आलं. दर्शनी भिंतीची दुरुस्ती, आमच्या वाट्याला ४१,६०० डॉलर, १०,४०० चे चार हप्ते. ६४ घरांच्या बिल्डिंगचा रिझर्व्ह फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची शिल्लक, किती? ५८,००० डॉलर. मालक झाल्यावर बोर्डाच्या बैठकांची जुनी मिनिट्स (इतिवृत्तं) बघायचा हक्क मिळतो, तर ती काढली. इंजिनिअरचा रिपोर्ट आमच्या ऑफरच्या आधीच बोर्डासमोर आला होता. त्यावरचं मतदान पुढच्या तिमाहीत ढकलायचा ठराव मांडणारा कोण? हाच खजिनदार. मिनिट्स ऑफर देण्याआधी मागा, किमान दोन वर्षांची. 'नंतर पाठवतो' म्हणाले तर उठून चालू लागा.

मग सुरू झाली वणवण. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण. शहराचा बांधकाम विभाग म्हणाला, भिंत पडणार नाही एवढंच आम्ही बघतो, विक्री कशी झाली ते नाही. कॉन्डोवाल्यांसाठी राज्याचं कार्यालय आहे कळल्यावर मोठ्या आशेने फोन केला. तिथल्या बाई फारच गोड बोलल्या. आम्ही माहिती देतो, वाद सोडवत नाही. माहिती! माहिती मलाच होती, पुराव्यासकट! ग्राहक तक्रारीचा अर्ज भरला, त्यावर उत्तर आलं की खासगी वकील गाठा. गाठला. केस उभी राहते म्हणाला, आणि सुरुवातीलाच ७,५०० डॉलर ठेवायला सांगितले. म्हणजे लुटणाऱ्याने लुटायचं आणि लुटल्याचं सिद्ध करायला आम्हीच पुन्हा पैसे भरायचे. टॅक्स कशाला घेता मग?

विकून सुटावं तर तेही बंद. २०२१ मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ माणसं गेली, तेव्हापासून कर्ज देणारे बिल्डिंगकडून भरून घ्यायच्या प्रश्नावलीत दुरुस्तीबद्दलही खोदून विचारतात आणि मोठी दुरुस्ती थकलेली दिसली की मागे फिरतात. आमच्या कर्जाच्या वेळीही ती भरली गेली होती. तिथेही 'नाही'. भरून गेलेल्या प्रश्नावलीची प्रत तुमच्या बँकेकडे मागा. आणि खरेदीसाठीचा वकील रिअल्टरने सुचवलेला घेऊ नका.

दोन हप्ते भरून झालेत. आणि आमचा रिअल्टर याच बिल्डिंगमधलं पाचव्या मजल्यावरचं घर विकायला काढतोय, जाहिरातीत 'दर्शनी भागाचं नूतनीकरण सुरू' असं मिरवत. मराठी ग्रुपांवरही फिरतेय ती. उरलेले हप्ते कोण भरणार, तेवढं त्याला लेखी विचारा.