जुन्या ट्रकचं चार्जिंग: डायनॅमो दुरुस्त करावा की अल्टरनेटर बसवावा?

प्रीमियरने कुर्ल्यात बांधलेला डॉज-फार्गो असो की हिंदुस्थान मोटर्सचा बेडफर्ड, बॅटरी वरचेवर बसू लागली की गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो: डायनॅमो काढा, अल्टरनेटर टाका. दोन्ही इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरतात; डायनॅमो जुन्या पद्धतीचा, अल्टरनेटर नव्या. सल्ला वाईट नाही, पण घाईचा आहे. दोष पुष्कळदा गंजलेल्या अर्थ-पट्टीत (बॅटरी चासीला जोडणारी पट्टी), ढिल्या बेल्टमध्ये किंवा कटआऊटच्या (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) काळ्या पडलेल्या पॉइंटमध्ये असतो. अर्थ-पट्टी तशीच ठेवली तर नवा अल्टरनेटरही बॅटरी नीट भरणार नाही.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या, डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड कॉइलचं, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याचं) अशी दोन टर्मिनलं असलेल्या लुकास पद्धतीच्या डायनॅमोचे आहेत. ६ किंवा २४ व्होल्टच्या गाडीला ते जसेच्या तसे लावू नयेत.

डायनॅमो खरंच गेलाय का?

रात्रभर उभी राहिलेली चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मग इंजिन जरा वर फिरवून हेडलाइट लावा आणि मल्टीमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा. डायनॅमोची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. डी टर्मिनल आणि बॅटरीचं लाइव्ह (चासीला न जोडलेलं) टर्मिनल यांच्यात ०.५ पेक्षा जास्त आलं तर वायर, टर्मिनल किंवा कटआऊट संशयित.

डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवाही बरंच सांगतो. वेग वाढवला की तो विझतो आणि आणखी वाढवला की पुन्हा पेटतो? म्हणजे डायनॅमो वीज देतोय, कटआऊट जोडला जात नाहीये. कटआऊट साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला लागायला हवा. इंजिन बंद केल्यावरही तो चिकटूनच राहिला तर बॅटरी डायनॅमोतून उलटी रिकामी होते आणि वायर तापते. अशा वेळी आधी बॅटरीचं टर्मिनल काढा, तपासणी नंतर.

आता खुद्द डायनॅमो. डी आणि एफच्या वायर काढा, दोन्ही टर्मिनलं तारेच्या तुकड्याने जोडा, मीटर त्या जोडावर आणि बॉडीवर लावा, इंजिन हळूहळू वाढवा. व्होल्टेज झटकन आणि न थरथरता चढलं तर डायनॅमो ठीक आहे. २० व्होल्टपर्यंत मात्र जाऊ देऊ नका. काहीच आलं नाही तर कार्बन (फिरत्या भागातून वीज घेणारे ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडलं तर फील्ड कॉइल, चार-पाचवर अडलं तर आर्मेचर (आत फिरणारा भाग). बहुतेक अमेरिकन ऑटोलाइट डायनॅमोत फील्डची जोडणी उलट असते, तिथे पूर्ण चार्ज बघायला एफ टर्मिनल अर्थ करतात. तोच प्रयोग रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारं उपकरण) जोडलेला असताना लुकासवर केलात तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतील.

दुरुस्तीत काय येतं

कार्बन ७ मिमीच्या खाली गेले असतील तर बदला. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) लेथवर साफ करून पट्ट्यांमधला मायका ०.८ मिमी खोल कोरून घ्या. हे काम पुष्कळ जण टाळतात, आणि मग नवे कार्बनही ठिणग्या टाकत झिजतात. मागचा बुश सैल असेल तर बदलाच, नाहीतर आर्मेचर पोलला घासतं. फील्ड कॉइलचा रोध ६ ओहमच्या आसपास हवा. हे एवढंच असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते. आर्मेचर रिवाइंड करावं लागलं तर खर्चाचं गणित बदलतं, कारण कारागीर चांगला मिळेलच असं नाही.

बसवल्यावर पोलरिटी (प्लस-मायनसची दिशा) द्यावी लागते: एफची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्हची तार क्षणभर टेकवायची. ‘जास्त अँपिअर’साठी रेग्युलेटरचा स्क्रू आवळू नका, आर्मेचर तापून कॉम्युटेटरचं झाळकाम वितळतं.

कुठे कमी पडतो

लुकासचा सी४० डायनॅमो २२ अँपिअर देतो, तेही वेगात. रात्री दोन हॅलोजन हेडलाइट १० अँपिअर घेतात, टेल आणि मीटरचे दिवे २, वायपर ३, पेट्रोल इंजिन असेल तर इग्निशन कॉइल ४. झाले १९. बॅटरीसाठी उरले तीन. घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तेही नाहीत, कारण आयडलला कटआऊट उघडाच असतो.

लुकासचाच १७एसीआर अल्टरनेटर ३६ अँपिअर देतो आणि आयडललाही थोडा चार्ज करतो. रेग्युलेटर आतच असतो. रात्री, पावसात किंवा शहरात गाडी नेहमी चालणार असेल तर आमचं मत सरळ अल्टरनेटरकडे. महिन्यातून एकदा दिवसा बाहेर पडणाऱ्या, रॅलीत बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या ट्रकचा चालू डायनॅमो काढणं मात्र निव्वळ हौस आहे. डायनॅमोच्या खोळीतला अल्टरनेटर हा तिसरा मार्गही आहे, पण तो परदेशातून मागवावा लागतो.

बदलायचं ठरलं तर

गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का, म्हणजे बॅटरीचं प्लस टर्मिनल चासीला जोडलंय का, ते आधी बघा. असेल आणि तशीच बॅटरी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड क्षणात जातात, म्हणून बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करावी लागते. बॅटरी फिरवली की इग्निशन कॉइलच्या दोन वायर आणि अँपिअर मीटरच्या वायर अदलाबदल करा.

अल्टरनेटरपासून स्टार्टरच्या बॅटरी-टर्मिनलपर्यंत ६ चौरस मिमीची नवी वायर टाका. जुनी डीची वायर आणि ३० अँपिअरचा मीटर या प्रवाहासाठी नाहीत. मीटरच्या जागी व्होल्टमीटर बरा. कंट्रोल बॉक्स (रेग्युलेटर आणि कटआऊट असलेला डबा) जागेवर ठेवून त्यातली ए आणि ए१ ही टर्मिनलं एकमेकांना जोडा, लाल दिव्याची बारीक वायर डीवरून काढून अल्टरनेटरच्या आयएनडी (दिव्याच्या) टर्मिनलवर न्या. हा बल्ब २.२ वॅटचाच हवा. तो उडाला किंवा त्याजागी एलईडी लावला तर चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच होतं.

पुली ओळीत बसवा, बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिमी लवायला हवा. चालू गाडीत बॅटरी टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम झालं. ‘चार्ज होतोय का बघू’ म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची जुनी सवय इथे चालत नाही, आणि चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी अल्टरनेटरच्या वायर काढून ठेवाव्या लागतात.