क्राउन ईथर कॉलम आणि जैविक द्रवांतील डी-अमिनो आम्ले: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रक्तद्रव, मूत्र आणि मस्तिष्क-मेरुद्रव यांतील डी-अमिनो आम्ले, म्हणजे नेहमीच्या एल-रूपाची आरशातील प्रतिबिंबे, मोजण्यासाठी आम्ही गेले अनेक महिने कायरल (अशी दोन प्रतिबिंब रूपे वेगळी ओळखणाऱ्या) क्राउन ईथरचा, म्हणजे ऑक्सिजन अणू असलेल्या कड्यासारख्या रेणूचा, कॉलम (मिश्रणातील घटक वेगळे करणारी नळी) मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) जोडून वापरत आहोत. त्याआधी आमची भिस्त मार्फीच्या अभिकर्मकावर होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीत अमिनो आम्लाला एक कायरल तुकडा जोडला जातो. मग जोडीतील दोन रेणू एकमेकांची प्रतिबिंबे राहत नाहीत आणि साध्या, कायरल नसलेल्या सी-१८ कॉलमवरही वेगळे होतात. पद्धत भरवशाची आहे, परंतु तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. अभिकर्मकात स्वतःच्या उलट रूपाचा अंश असेल, तर त्याच्याशी जोडले गेलेले एल-आम्ल नेमके डी-आम्लाच्या जागी उतरते (कॉलममधून त्याच वेळी बाहेर पडते) आणि नमुन्यात नसलेले डी-आम्ल अहवालात दिसू लागते. क्राउन ईथर कॉलमवर नमुन्याला काहीही जोडावे लागत नाही, त्यामुळे चुकीचा हा मार्गच बंद होतो.

या कॉलमचे काम समजून घेतले की त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही उलगडतात. आम्लयुक्त मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) अमिनो गटावर धन भार येतो, आणि त्याचे तीन हायड्रोजन कड्यातील ऑक्सिजन अणूंशी बंध जोडतात. कड्याला लागून असलेल्या बायनॅफ्थिल या अवजड गटांच्या भिंतींमुळे एका रूपाला तेथे सहज जागा मिळते, तर दुसऱ्याची अडचण होते. अशा कायरल कड्यांवर डोनाल्ड क्रॅम यांनी मोठे काम केले. पेडरसन आणि लेन यांच्यासह त्यांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आमच्या दृष्टीने या कॉलमचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे बाहेर पडण्याचा क्रम. कॉलम दोन उलट रूपांत मिळतो आणि योग्य रूप निवडले तर डी-आम्ल आधी, एल-आम्ल नंतर उतरते. निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवात डी-सेरीन (सेरीन या अमिनो आम्लाचे डी-रूप) एकूण सेरीनच्या जेमतेम काही टक्के असते. इतके लहान शिखर (आलेखातील उंचवटा) मोठ्या शिखराच्या मागे आले, तर ते त्याच्या लांबलेल्या शेपटीवर बसते आणि क्षेत्रफळ मोजताना आधाररेषा कोठे आखायची हा निर्णय मोजणाऱ्याच्या हाती जातो. तेच शिखर पुढे आले, तर त्याच्याखालची रेषा सपाट राहते. विभेदनाचे (दोन शिखरे किती वेगळी झाली याचे) आकडे दोन्ही क्रमांत सारखेच दिसत असले, तरी मोजमापाची विश्वासार्हता सारखी नसते, म्हणून कॉलम निवडताना माहितीपत्रकातील विभेदनाच्या आकड्याआधी क्रम पाहावा. मूत्राची गोष्ट निराळी आहे: मूत्रपिंड एल-सेरीन मोठ्या प्रमाणात परत शोषून घेते, त्यामुळे तेथे डी-रूपाचा वाटा बराच मोठा असतो आणि हा प्रश्न तितका टोकदार राहत नाही.

मूत्रात वेगळीच अडचण येते, ती क्षारांची. क्राउन ईथरची कडी मुळात धातूंचे आयन धरण्यासाठी ओळखली जातात. पोटॅशियम त्यांत सहज बसते आणि अमिनो गटाची जागा अडवते. क्षारयुक्त नमुने जसेच्या तसे टोचल्यास उतरण्याची वेळ सरकते आणि शिखरे पसरतात. नमुना विरल करणे, कमी आकारमान टोचणे आणि पोटॅशियमचे बफर पूर्णपणे टाळणे एवढे पाळल्यावर आमच्याकडे वेळा स्थिर राहिल्या. तापमान कमी ठेवल्यास विभेदन सुधारते, म्हणून कॉलमच्या तापमानावर कडक नियंत्रण हवे.

अंकन, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून यंत्राचे माप ठरवणे, हा सर्वांत कष्टाचा भाग ठरला. डी-सेरीन अजिबात नसलेला रक्तद्रव कोठून आणायचा? शिवाय बाजारातील एल-सेरीनच्या मानकातही डी-रूपाचा अल्प अंश असू शकतो, त्यामुळे एल-रूपाची भर घालून केलेली चाचणी स्वतंत्रपणे तपासावी लागते. आम्ही जड समस्थानिकांचे अंतर्गत मानक (तुलनेसाठी ज्ञात प्रमाणात घातलेला पदार्थ) प्रथिने खाली बसवण्याआधीच मिसळतो आणि ती थंड अ‍ॅसिटोनायट्रिलने बसवतो; गरम आम्लाच्या संपर्कात एल-रूपाचे डी-रूप होऊ शकते, म्हणून तो मार्ग आम्ही घेत नाही. शिखराच्या ओळखीसाठी नमुन्याच्या एका भागावर डी-रूपाचेच विघटन करणाऱ्या डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेझ या विकराची प्रक्रिया करतो. शिखर नाहीसे झाले, तर ते डी-सेरीन असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रेब्ज यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेले हे विकर या कामात इतके उपयोगी पडते, याचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो.

मास स्पेक्ट्रोमीटर आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. प्रतिबिंब रूपांचे वस्तुमान अर्थातच एकच असते, पण ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचेही तेच आहे, आणि अ‍ॅस्परॅजिनमधील जड कार्बनचा रेणू अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या वस्तुमानाच्या खिडकीत डोकावतो. म्हणून या जोड्या कॉलमवरच वेगळ्या व्हाव्या लागतात. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल विभेदनाला मदत करते, पण आयनीभवन (यंत्रात रेणूंवर भार येणे) दाबते, त्यामुळे त्याचे प्रमाण शक्य तेवढे कमी ठेवावे.

प्रोलीन या अमिनो आम्लाच्या बाबतीत या कॉलमकडून अपेक्षा ठेवू नये. त्याचा अमिनो गट दुय्यम आहे आणि कड्यात घट्ट बसण्यासाठी लागणारे तीन हायड्रोजन त्याच्यापाशी नाहीत. प्रोलीनसाठी आम्ही अजूनही मार्फीचीच पद्धत वापरतो, मात्र अभिकर्मकाची प्रत्येक नवी बाटली आधी शुद्ध एल-प्रोलीनवर तपासून घेतो.